चार बोटं रुंद चिंधी

“लांब बंदूक कुठली, ते इचार त्याला,” आई म्हणाली.

समोर काचेचं कपाट होतं आणि कासाराच्या दुकानात बांगड्या लावाव्यात तशी त्यात पिस्तुलं ओळीनं लावलेली होती. मागच्या भिंतीवर रायफली टांगलेल्या होत्या. भिंतीपलीकडून धप्प धप्प असे दबके आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजाला मी दचकत होते. आई दचकत नव्हती. इस्त्रीची साडी, पायात सहलीसाठी घेतलेले पांढरे बूट, डोक्यावर टूर कंपनीची पिवळी टोपी अशा थाटात ती काउंटरला टेकून उभी होती आणि एकेक रायफल निरखून बघत होती.

ही गोष्ट पटायाची. आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या शिक्षकांनी मिळून दिवाळीच्या सुट्टीत थायलंडची सहल काढली होती. अठ्ठावीस माणसं, त्यातले आठ-दहा जण कुणाचे ना कुणाचे नातलग. आम्हांला घेऊन जाणारा हेमंत पारखे नावाचा पुण्याचा तिशीतला गृहस्थ होता. तो दर अर्ध्या तासानं आमची डोकी मोजायचा आणि प्रत्येक ठिकाणाला ‘आयुष्यात एकदाच’ म्हणायचा. समुद्र आयुष्यात एकदाच, हत्ती आयुष्यात एकदाच, आणि आता एका इमारतीच्या तळघरात बंदूक चालवणं, तेही आयुष्यात एकदाच. दहा गोळ्या झाडायच्या आणि भोकं पडलेला कागद आठवण म्हणून घरी न्यायचा, असा तो प्रकार होता.

मी इंग्रजी शिकवते. त्यामुळे विमानतळापासून नारळपाण्याच्या गाडीपर्यंत कुठंही बोलायची वेळ आली, की सगळे मला पुढे ढकलत. आईची दुभाषी तर मी होतेच. तिला पाथर्डीबाहेर अहमदनगरच काय ते माहीत. मी ठरवून टाकलं होतं, की बाकीच्यांना काय धडामधुडूम करायचं ते करू दे, आपण आईला घेऊन बाहेरच्या सोफ्यावर बसायचं. तिला त्या आवाजापासून जमेल तितकं लांब ठेवायचं. कारण माझा भाऊ बंदुकीनंच गेला होता.

अजिनाथ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले. आईनं गोधड्या शिवून आम्हांला वाढवलं. मी बी.एड. करून मास्तरीण झाले, लग्न होऊन जवळच राहायला गेले; तो पोलिसात भरती झाला आणि दूरच्या जंगलातल्या एका चौकीवर बंदोबस्ताला गेला. तिथं त्याला रायफल मिळाली. ती घेऊन काढलेला त्याचा फोटो आईच्या घरात देवाच्या फळीशेजारी लावलेला आहे. फोटोत तो हसत नाही, पण छाती पुढे काढलेली आहे. सव्विसाव्या वर्षी, मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, तो गेला. पटायाच्या त्या तळघरात आम्ही उभ्या होतो तेव्हा त्याला नऊ वर्षं झाली होती.

आईला माहीत होतं ते एवढंच, की रायफल साफ करताना गोळी सुटली. कागदोपत्रीही तेच होतं. खरं काय ते मला माहीत होतं.

त्याला गावी घेऊन आलेले ढवळे हवालदार चांगले माणूस होते. अंत्यसंस्काराला अजून वेळ होता, तेव्हा त्यांनी मला गोठ्यामागं बोलावलं. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. म्हणाले, ताई, त्यानं स्वतःच केलं. चिठ्ठी नाही, भांडण नाही, काही नाही. महिनाभर झोपत नव्हता एवढंच आम्ही बघितलं. शेजारी साफसफाईचं सामान होतं, तेल, दोरी, चिंधी. साहेबांनी तेच लिहून घेतलंय, की चिंधी अडकली आणि ती काढताना गोळी सुटली. तुमच्या आईला हेच सांगा. पोरगं अपघातानं गेलं म्हटलं की बाई रडंल आणि कधीतरी सावरंल. दुसरं कळलं तर ती उठायची नाही.

मला ते पटलं. आजही त्या माणसाला मी नावं ठेवत नाही. मी आत जाऊन आईच्या शेजारी बसले आणि चिंधी अडकल्याचं सांगितलं. आई तेव्हा रडत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं विचारलं, चिंधी कशी अडकंल? आता आम्हां शिक्षकांना एक खोड असते. प्रश्न आला की उत्तर द्यायचंच, येत नसलं तरी द्यायचं. मी म्हणाले, जाड असेल, म्हणून अडकली असेल.

हा शब्द माझा होता. ढवळे हवालदारांचा नव्हता, कागदावरचाही नव्हता.

त्यानंतर आईनं गोधड्या शिवणं सोडलं. दाभण, दोरा, कात्री सगळं पत्र्याच्या पेटीत घालून वर कुलूप लावलं. बायका जुनी लुगडी घेऊन यायच्या आणि तशाच परत जायच्या. मी समजले, दुःखानं हात चालत नसतील. एकदा माझ्या लेकीचा गुडघा फुटला तेव्हा मी आईला म्हटलं, जुन्या साडीची पट्टी फाडून दे. ती उठून शेजारी गेली आणि तिथून बँडेज मागून आणलं. मला थोडा रागच आला होता. घरात कापडाचे ढीग आणि ही दारोदार हिंडते.

एवढं सगळं असूनही ती सहलीला कशी आली, याचं मला कौतुक वाटत होतं. नऊ वर्षांत ती माझ्या लेकीच्या बारशाशिवाय कुठं गेली नव्हती. पण पारख्यांनी शाळेत येऊन सहलीची माहिती सांगितली, तेव्हा ती माझ्या शेजारी बसून ऐकत होती आणि घरी येताच म्हणाली, माझंही नाव घाल. मला वाटलं, समुद्र बघायचा असेल. त्या आनंदात मी तिला बूट घेतले, पासपोर्टला फोटो काढायला नेलं, शेंगदाण्याचे लाडू केले. समुद्र आला तेव्हा मात्र तिनं दोन मिनिटं बघितला आणि पारख्यांना विचारलं, बंदुकीचं कधी आहे?

तेव्हा कुठं मला कळलं, ती समुद्रासाठी आलेली नव्हती.

“इचारतीस का मी हातवारे करू?” काउंटरपाशी आईनं पुन्हा म्हटलं.

मी तिला बाजूला घेतलं. समजावून सांगितलं, की तुला रक्तदाब आहे, आवाज फार मोठा असतो, खांद्याला धक्का बसतो, आपण बाहेर बसू. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अजिनाथच्या हातात व्हती तसली पाहिजे. फोटोतली.” आणि पुन्हा काउंटरला जाऊन उभी राहिली.

आमच्या शाळेचे खेडकर सर तोवर कागद हलवत बाहेर आले होते. दहातल्या सहा गोळ्या कागदाला लागल्या म्हणून खुशीत होते. आईला बघून त्यांना आणखी चेव आला. “आता गयाबाईंचा नंबर,” असं म्हणून त्यांनी मोबाईल काढला, पारख्यांनी टाळी वाजवली, दोन-तीन बाया हसत गोळा झाल्या. आमच्या लोकांना कुणाच्याही म्हाताऱ्या आईला काहीतरी करताना बघायला फार आवडतं. मी एकटी नाही म्हणणारी उरले. मूग गिळून फॉर्म भरला. वय एकसष्ट, रक्तदाब गाळून आजार काही नाही, यापूर्वीचा अनुभव नाही. आईनं खाली सही केली, गया, आणि पुढे एक टिंब.

आम्हांला आत नेणारा माणूस पन्नाशीचा होता. छातीवरच्या पट्टीवर सोमसक असं नाव होतं. कधीकाळी फौजेत असावा, कारण उभा राहायचा तो पाय जुळवून. इंग्रजी तोडकंमोडकं, पण सावकाश बोलायचा. त्यानं आमच्या दोघींच्या डोळ्यांवर चष्मे आणि कानांवर ते मोठे कानझाके चढवले. आईचा पदर कानझाक्यात अडकला तो त्यानं स्वतः हलकेच सोडवला आणि तिला वाकून नमस्कार केला. आत लांबट, अरुंद खोली होती. टोकाला कागदावर काळा माणूस छापलेला. पाठीमागे जाड काच, आणि काचेपलीकडे आमची मंडळी हात हलवत उभी. बाकीच्यांच्या गोळ्या संपल्या होत्या. आत आम्ही तिघंच होतो.

सोमसकनं रायफल टेबलावर ठेवली. फोटोतल्यासारखीच होती, निदान मला तरी तशी वाटली. तो गोळ्यांची पेटी उघडणार इतक्यात आईनं हातानं थांबवलं. कानझाके काढून टेबलावर ठेवले आणि मलाही काढायला लावले.

“त्याला म्हणावं, गोळ्या नगं घालू. आधी साफ कशी करतात ते दाखव.”

मी सांगितलं. सोमसकला नवल वाटलं असावं, पण त्यानं मान डोलावली. खालचं मॅगझिन काढून आईला दाखवलं, रिकामं. मग वरचा खटका मागे ओढून आत बोट घालून दाखवलं, रिकामं. परत एकदा बघितलं, परत एकदा बोट घातलं. प्रत्येक वेळी तो एकच शब्द म्हणत होता, एम्प्टी. शेवटी आईच त्याच्याबरोबर मान हलवायला लागली. मग त्यानं कोपऱ्यातून सळई आणि कापडाचा छोटा तुकडा आणला.

आईनं त्याचं कापड घेतलं नाही. कमरेची बटव्याची गाठ सोडली आणि आतून एक घडी काढली.

ती चिंधी मी ओळखली. चार बोटं रुंद, वीतभर लांब, कडा दातानं धरून सरळ फाडलेल्या. अजिनाथ सुट्टीवर आला, की जाताना आई अशा चिंध्यांचं गाठोडं त्याच्याबरोबर द्यायची. सरकारी चिंधी कडक असते आणि पुरत नाही, असं तो म्हणायचा. आईच्या जुन्या लुगड्यांचं सुती कापड लोण्यासारखं मऊ. चौकीवरची सगळी पोरं त्यातली मागून घ्यायची. हे सगळं मला माहीत होतं. नऊ वर्षं माहीत होतं, आणि तरी ते दुसऱ्या कशाशी जोडून बघायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण हातात होती ती लुगड्याची चिंधी नव्हती. जाडसर होती. चादरीच्या काठाची.

“ही घाल म्हणावं नळीत.”

त्यानं घातली. खरोखरच थोडी अडकली. सळईनं ढकलली तरी मध्येच थांबली, टोक तेवढं बाहेर राहिलं. आईचा श्वास जोरात चालू झाला होता. पण आवाज स्थिर होता.

“आता इचार. अशी अडकली, अन् हिला वढली, तर गोळी आपोआप सुटती का?”

मी नीट विचारलं. शब्दाला शब्द. सोमसक म्हणाला, “नो. नेव्हर.” मग स्वतःचं बोट उंच धरलं आणि म्हणाला, “फिंगर.”

मी काय करणार होते? ढवळे हवालदारांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला, हातात टोपी घेतलेला. दुसरं कळलं तर ती उठायची नाही. नऊ वर्षं मी डोळ्यांत तेल घालून ही एक गोष्ट सांभाळली होती. नवऱ्याला सांगितली नव्हती. आता या तळघरात, काचेपलीकडे खेडकर सर शूटिंग करत असताना, ती माझ्या तोंडून बाहेर पडू द्यायची? आईला इंग्रजी येत नव्हतं. मी म्हणाले, “हो म्हणतो. कधीकधी सुटते.”

आईनं मान हलवली. तिला उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी, सावकाश. मग नळीतून बाहेर आलेल्या त्या टोकावरून बोट फिरवत म्हणाली, “म्हंजी मीच मारला.”

मला कळेना. मी विचारलं, काय म्हणतेस तू?

“त्या खेपेला लुगडं संपलं व्हतं. तो निघाला सकाळच्या गाडीनं. मी चादरीचा काठ फाडून दिला. म्हणलं, जाड हाये, पर चालंल. तूच म्हणालीस ना, जाड व्हती म्हणून अडकली. मला तव्हाच कळलं. मी कुणाला बोलले न्हाई. कसं बोलायचं?”

मी तिच्याकडे बघत राहिले. पेटीत कुलूपबंद झालेली कात्री, परत गेलेल्या बायका, शेजारून मागून आणलेलं बँडेज, सगळं मला तिथं उभ्या उभ्या दिसलं. बाईला वाचवायचं म्हणून आम्ही शहाण्या माणसांनी एक गोष्ट रचली आणि त्यात खुनी म्हणून तिलाच उभं केलं. आणि जाड हा शब्द माझा. फळ्यावर उत्तर लिहावं तसा मी तो सहज लिहून मोकळी झाले होते.

आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं. मी म्हणाले, “आई, मी खोटं सांगितलं. तो नाही म्हणाला. चिंधीनं गोळी सुटत नाही.”

तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि का बसावा? तिनं सरळ सोमसककडे तोंड केलं. त्याला मराठी येत नव्हतं आणि तिला त्याची कुठलीच भाषा येत नव्हती. तिनं चिंधीचं टोक दाखवलं, ओढल्याची खूण केली, मग दोन्ही हातांनी गोळी सुटल्याची खूण केली आणि भुवया उंचावून त्याच्याकडे बघत राहिली. त्या माणसाला काय कळलं कोण जाणे, पण तो एकदम गंभीर झाला. त्यानं रायफल उचलली, नळी समोर धरून चिंधी हिसडून ओढली. काही नाही. पुन्हा घातली, पुन्हा ओढली. दस्ता टेबलावर आपटला. काही नाही. मग त्यानं आईचं बोट अलगद धरून घोड्यावर ठेवलं आणि स्वतःचा हात काढून घेतला.

आईनं बोट दाबलं. घोडा हलला नाही. तिनं आणखी जोर लावला. कट्ट असा कोरडा आवाज आला.

“फिंगर,” सोमसक हळूच म्हणाला.

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तो मोकळा झाला. नऊ वर्षं कपाळावर जी आठी होती, जी मी म्हातारपणाची समजत होते, ती गेली. ती हसली म्हणता येणार नाही, पण ओठ विलग झाले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “चिंधीनं न्हाई,” ती म्हणाली. “माझ्या चिंधीनं न्हाई गं.” तिनं ती चिंधी नळीतून ओढून घेतली आणि गालाला लावली. काचेपलीकडे टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, म्हातारी खूश झाली.

ती खूश होतीही. पाच श्वास, फार तर सहा. मग मला पुढचं दिसायला लागलं. ते तिच्याकडे चालत येत होतं आणि मी त्याला अडवू शकत नव्हते. तिनं आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघितलं. घोड्याकडे बघितलं. परत बोटाकडे.

“बोटाबिगर सुटत न्हाई,” ती म्हणाली.

“नाही.”

“जोरानं दाबावं लागतं.”

“हो.”

“मग कुणाचं बोट व्हतं?”

मी तिचा हात धरला. मी म्हणाले, “त्याचंच.”

ती खाली पडेल असं मला वाटलं, म्हणून मी तिला कवेत घ्यायला गेले. ती पडली नाही. तिनं मला हातानं दूर केलं, रागानं नव्हे, वाटेतली वस्तू बाजूला सारावी तसं. टेबलाला धरून उभी राहिली. कितीतरी वेळ त्या काळ्या छापील माणसाकडे बघत होती. सोमसकनं मला विचारलं, ठीक आहेत का त्या? मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्यानं रायफल उचलून आत नेऊन ठेवली आणि गोळ्यांची पेटी न उघडताच परत ठेवली. निघताना त्यानं पुन्हा वाकून नमस्कार केला. कोरा कागद गुंडाळून माझ्या हातात दिला. त्याला एकही भोक पडलेलं नव्हतं.

बाहेर सगळ्यांनी गराडा घातला, नेम कसा होता म्हणून विचारलं. आई म्हणाली, “हात थरथरला.” बसमध्ये ती खिडकीशी बसली. पारख्यांनी डोकी मोजली, अठ्ठावीस भरली, बस सुटली. खेडकर सरांनी तोवर आईचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवून दिला होता. त्यात ती चिंधी गालाला लावते तेवढाच भाग होता. खाली अंगठे आणि फुलं.

खोलीवर आल्यावर तिनं बूट काढले, पाय धुतले आणि पलंगाच्या कडेला बसली. बाहेर अजून ऊन होतं. मी तिच्या पायाशी बसले आणि ढवळे हवालदार जे जे बोलले ते सगळं सांगितलं. चिठ्ठी नव्हती, झोप नव्हती, सगळं. माफीही मागितली. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं होतं, ती माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर मला बरंच वाटलं असतं.

मग तिनं विचारलं, “कुणाला काही बोलला व्हता का गं तो?”

आता ते सांगायला हवं. अजिनाथनं शेवटचा फोन मला केला होता. जाण्याआधीच्या रविवारी, दुपारी. माझ्यापुढे दहावीच्या पेपरांचे गठ्ठे होते आणि ते मंगळवारी परत द्यायचे होते. तो म्हणाला, “ताई, झोप येत न्हाई. डोकं थांबतच न्हाई बघ.” मी लाल पेन हातात धरूनच म्हणाले, तिथल्या डॉक्टरला दाखव, माझे पेपर झाले की फोन करते. तो म्हणाला, बरं. मग थोडा वेळ नुसताच थांबला. मी म्हणाले, ठेवू का? तो म्हणाला, ठेव. मंगळवारी सकाळी मी शेवटचा गठ्ठा बांधत होते, तेव्हा ढवळे हवालदारांचा फोन आला.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगून टाकायचंच असं ठरवून बसले होते, आणि हे एक उरलं होतं. मी तोंड उघडलं. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत माझ्याबद्दल अजून काहीतरी शिल्लक होतं, एक लेक उरल्याचं. ते जाईल अशी मला भीती वाटली.

“नाही,” मी म्हणाले. “कुणालाच काही बोलला नाही.”

आईनं मांडीवरची चिंधी उलगडली, पुन्हा घडी घातली.

“त्या ऐतवारी मी मढीच्या यात्रेला गेले व्हते,” ती म्हणाली. “दिसभर घरी कुणी न्हाई. दर ऐतवारी फोन करायचा तो. वाजून वाजून बंद पडला असंल.” मग म्हणाली, “मी घरी असते तर बोलला असता.”

मी काही बोलले नाही.

सहलीहून आल्यावर तिनं पत्र्याची पेटी उघडली. कात्री काढली, दाभण काढला, बायकांना सांगावा धाडला. कापड टर्रकन फाडल्याचा आवाज आईच्या घरात पुन्हा ऐकू यायला लागला आणि लोक मला म्हणायचे, सहलीनं म्हातारी सुधारली. पण मढीच्या यात्रेला ती पुन्हा कधी गेली नाही. आणि रविवारी घराबाहेर पाऊल टाकायची नाही. कुणाचं लग्न असो की मयत, रविवार म्हटला की ती घरात, फोनच्या खोलीत गोधडी घेऊन बसलेली. विचारलं तर म्हणायची, मला नेम आहे. लोकांना वाटायचं, कुठल्या देवाचा उपास असेल.

चार वर्षं ती तशी जगली. आता तिलाही जाऊन सहा वर्षं झाली. त्यानं फोन मला केला होता, एवढंच वाक्य होतं. ते बोलायला त्या चार वर्षांत दोनशेच्या वर रविवार माझ्या हातात होते. त्यातले बरेचसे मी तिच्या समोर बसून, तिच्या सुईत दोरा ओवून देत काढले.